नीटला ३९७ गुण, कृषी पदवीची जागा मिळण्यासारखी. मुलीला एक वर्ष थांबू द्यावे का?

कराडची_आई (२२ जून २०२५)

सर्वांना नमस्कार. आमची मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. मात्र ४ मे रोजी झालेल्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा निकाल १४ जूनला लागला, त्यात तिला ७२० पैकी ३९७ गुण मिळाले आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरात दुसरा विषय निघालेला नाही. या गुणांवर सरकारी महाविद्यालयात एमबीबीएसला प्रवेश मिळणार नाही, हे आम्ही तिघांनीही मान्य केले आहे. खासगी महाविद्यालयाचे शुल्क आम्हाला झेपणारे नाही. यजमानांची पिठाची गिरणी आहे आणि मी एका पतसंस्थेत कारकून आहे.

एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत तिला ९४ पर्सेंटाइल आहेत, त्यामुळे राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीतील एखाद्या महाविद्यालयात बीएस्सी कृषीला जागा मिळेल असे जाणकार सांगतात. बीएएमएसचाही, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचाही, विचार होऊ शकतो. मुलगी मात्र दोन्हींना तयार नाही. लातूरला जाऊन रिपीटर बॅचला बसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची, असे तिने मनाशी पक्के केले आहे. दहावीपर्यंत ती सेमी इंग्रजीत शिकली. अकरावीचे प्रवेश लांबल्यामुळे आणि नंतर इंग्रजी पुस्तकांशी जुळवून घेण्यात पहिले वर्ष हातातून गेले, असे तिचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच खोटे आहे असे मला वाटत नाही.

तिच्या आजोबांना यात एक वर्ष फुकट जाताना दिसते. यजमान म्हणतात, कृषीला प्रवेश घ्यावा आणि तिथे राहून नीटचा अभ्यास करावा, म्हणजे हातचे जाणार नाही. क्लासवाल्यांनी महिनाअखेरपर्यंत पहिला हप्ता मागितला आहे. ज्यांनी स्वतः किंवा ज्यांच्या मुलांनी असे वर्ष काढले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. धीर देणारी उत्तरे नकोत, खरी हवीत.

---

दुसऱ्यांदा_नीट (२२ जून २०२५)

काकू, मी २०२२ मध्ये बारावी झाले, त्या वर्षी मला ४६८ गुण होते, आणि एक वर्ष थांबून २०२३ मध्ये ६०१ गुण मिळवून सरकारी महाविद्यालयात आले. म्हणजे ज्यांचे जमले त्यांच्यापैकी मी आहे, आणि ज्यांचे जमले त्यांच्याच गोष्टी सगळीकडे ऐकू येतात, हे लक्षात ठेवून माझे पुढचे वाचावे.

पहिली गोष्ट म्हणजे हे वर्ष बारा महिन्यांचे नसते. आमच्या वेळी नीट १७ जुलैला झाली होती, निकाल सप्टेंबरात लागला आणि पुढची परीक्षा ७ मे रोजी होती. मला प्रत्यक्षात आठ महिने मिळाले. तुमच्या मुलीला फार तर दहा मिळतील, त्यातले सुरुवातीचे दीड-दोन महिने मन थाऱ्यावर येण्यात जातात आणि दिवाळीनंतर क्लासमध्ये नवीन काही शिकवत नाहीत, फक्त चाचण्या चालू राहतात. ज्याला मुळापासून शिकायचे आहे, त्याला खरा वेळ ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढाच सापडतो.

दुसरी गोष्ट, मला गुण वाढवून दिले ते क्लासने नव्हे, दोनशे पानी एका वहीने. दर रविवारी चाचणी झाली की चुकलेला प्रत्येक प्रश्न मी त्या वहीत तीनपैकी एका रकान्यात लिहीत असे: माहीत नव्हते, वाचताना चुकले, हिशेबात चुकले. दसऱ्याच्या सुमारास मोजले, तेव्हा जवळजवळ तिसरा हिस्सा चुका मधल्या रकान्यात होत्या. ‘अयोग्य विधान निवडा’ असे स्पष्ट छापलेले असताना मी योग्य विधानावर गोल काळा करून येत होते. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा, म्हणजे अशा प्रत्येक प्रश्नामागे ५ गुणांचा फरक पडतो. तो फरक अभ्यास वाढवून भरून निघाला नसता, कारण तो अभ्यासाअभावी पडलेलाच नव्हता.

म्हणून हप्ता भरण्याआधी एक दिवस काढा. तिची प्रश्नपत्रिका, गोल काळे केलेल्या ओएमआर उत्तरपत्रिकेची प्रत आणि अंतिम उत्तरतालिका घेऊन तिलाच ही विभागणी करू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. पहिल्या रकान्यात सलग धडेच्या धडे दिसत असतील, तर वर्षभरात भरून काढण्यासारखे काही आहे. चुका सगळीकडे विखुरलेल्या असतील आणि अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत तिने खरोखर मन लावून अभ्यास केलेला असेल, तर मात्र तेच दुसऱ्यांदा करून फार काही बदलेल असे मला वाटत नाही.

---

गिरणगावचा_बाप (२३ जून २०२५)

खरी उत्तरे मागितलीत म्हणून लिहितो, एरवी हा विषय आम्ही घरातही काढत नाही.

आमच्या मुलाने दोन वर्षे थांबून पाहिले. पहिल्या वर्षी त्याचे गुण चांगले वाढले, परंतु जागा थोडक्यात हुकली, आणि ‘एवढे आलेच आहे तर आणखी एक वर्ष’ असे म्हणून आम्ही त्याला दुसऱ्यांदा पाठवले. चूक तिथे झाली. दुसऱ्या वर्षी गुण ११ ने वाढले. अभ्यास तो करतच होता. दिवसाचे बारा तास अभ्यासिकेत बसत होता, परंतु तेच धडे चौथ्यांदा वाचताना डोळे ओळींवरून फिरतात आणि डोक्यात काही शिरत नाही, हे त्याने आम्हाला पुष्कळ उशिरा सांगितले.

एक दिवस मी न कळवता त्याच्या खोलीवर गेलो होतो. दुपारचे तीन वाजले होते, मेसचा डबा दाराशी तसाच पडला होता आणि त्यावर मुंग्या लागल्या होत्या. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेले होते, त्यावरची तारीख दीड महिन्यापूर्वीची होती. मी काही बोललो नाही. त्याला घेऊन रात्रीच्या गाडीने घरी आलो. क्लासने उरलेले शुल्क परत केले नाही, पावतीच्या मागे बारीक अक्षरांत तसे छापलेलेच होते. पैसे भरण्यापूर्वी पावतीची मागची बाजू वाचून घ्या, एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे.

त्यानंतर त्याने सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केली आणि आता एमएस्सी करतो आहे. प्रयोगशाळेत तो रमतो. दोन वर्षे गेली याचे दुःख आता त्याच्यापेक्षा मलाच अधिक आहे.

तुमच्या मुलीला एक वर्ष द्या किंवा देऊ नका, ते तुम्ही ठरवा. मात्र दिलेत तर दुसरे वर्ष मिळणार नाही, हे आजच, तिच्या आणि आजोबांच्या देखत ठरवून ठेवा. निकालाच्या दिवशी ते ठरवता येत नाही, कारण त्या दिवशी प्रत्येकालाच वाटत असते की आता फक्त थोडेच कमी पडले. नीटला कमाल वयाची अट नाही आणि किती वेळा परीक्षा द्यावी यालाही मर्यादा नाही, त्यामुळे थांबवणारे बाहेरचे कोणी नसते.

---

जीवशास्त्राचे_सर (२३ जून २०२५)

मी कनिष्ठ महाविद्यालयात बावीस वर्षे शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे येणारे निम्मे प्रश्न याच स्वरूपाचे असतात. वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. मी व्यवहाराच्या बाजूचे लिहितो, कारण तिकडे फारसे कोणी बघत नाही.

गुणांची तुलना आधीच्या वर्षाशी करू नका. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० होते. यंदा देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला ६८६ आहेत, आणि भौतिकशास्त्राचा भाग किती अवघड होता हे सर्वांना माहीत आहे. म्हणून ३९७ हा आकडा ऐकून गेल्या वर्षीच्या कोष्टकाप्रमाणे कोणी निष्कर्ष काढत असेल, तर तो बाजूला ठेवा आणि तिचा अखिल भारतीय क्रमांक पाहा. तो यंदा कुठे आहे आणि सरकारी जागेसाठी कुठे असावा लागतो, यांतील अंतर हीच तिला चालायची वाट आहे. यंदा सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले होते, हेही विसरू नये.

यजमानांच्या सूचनेबद्दल. कृषीला प्रवेश घेऊन नीटचा अभ्यास करणे ऐकायला सुरक्षित वाटते, परंतु कृषी पदवीच्या सत्रात प्रात्यक्षिके भरपूर असतात, प्रक्षेत्रावर, म्हणजे महाविद्यालयाच्या शेतावर, सकाळी सकाळी हजर राहावे लागते आणि हजेरीची सक्ती असते. माझे जे विद्यार्थी हा मार्ग धरून गेले, त्यांपैकी बहुतेकांचे दिवाळीपर्यंत दोन्हीकडचे मागे पडले. शिवाय कागदपत्रांचा एक पेच आहे. जो विद्यार्थी वर्षभर घरी राहतो, त्याला पुढच्या वर्षी खंडाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. त्यात या काळात मी कोठेही प्रवेश घेतला नव्हता, असे लिहून द्यायचे असते. ज्याने कृषीला प्रवेश घेऊन मध्येच सोडला, त्याला हे प्रतिज्ञापत्र खरेपणाने देता येत नाही; त्याने त्या महाविद्यालयाचा सोडल्याचा दाखलाच आणला पाहिजे. मूळ दाखले अडकवून ठेवण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये मनाई केलेली आहे, तरीही प्रवेश रद्द करताना खेटे घालावे लागतात, हा दरवर्षीचा अनुभव. कृषी अभ्यासक्रमासाठी प्रवेश रद्द करण्याचे आणि शुल्क परताव्याचे नियम माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, ते आधी वाचा.

याउलट, घरी थांबून पुढच्या वर्षी कृषीकडेच यायचे ठरले, तर एमएचटी-सीईटी पुन्हा द्यावी लागेल. यंदाचे पर्सेंटाइल पुढच्या वर्षीच्या प्रवेशाला चालत नाहीत. हे पुष्कळ पालकांना मार्चमध्ये कळते, तोवर अर्ज भरण्याची मुदत संपत आलेली असते.

आर्थिक बाजूही पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क संपूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून लागू केला आहे. आपण यांपैकी कोणत्या प्रवर्गात आहात हे लिहिलेले नाही. असाल तर कृषी किंवा बीएएमएसचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. आणि थांबायचेच ठरले, तर या वर्षात जात वैधता प्रमाणपत्राचे काम उरकून घ्या. जात पडताळणी समितीकडे प्रकरण किती महिने राहील याचा भरवसा नसतो आणि ऐन फेरीच्या दिवशी त्यावाचून अडलेली मुले मी दरवर्षी पाहतो.

जाता जाता अभियांत्रिकीच्या पालकांसाठी, कारण तेही इथे वाचत असतील: तिकडचे गणित वेगळे आहे. जेईई मेन बारावीच्या वर्षापासून सलग तीन वर्षे देता येते, पण आयआयटीसाठीची जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोनच वर्षांत दोनदा. त्यामुळे तिथे ‘आणखी एक वर्ष’ हा मोह नियमानेच संपतो, हे मला तरी बरे वाटते.

---

लेस्टरहून (२३ जून २०२५)

सरांचे वाचून एक तफावत जाणवली, तेवढीच नोंदवते. इकडे ब्रिटनमध्ये विद्यार्थी यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक, अर्जातच एक वर्ष उशिरा प्रवेश हवा असे लिहू शकतो. विद्यापीठाने होकार दिला की जागा नावावर राहते आणि मग तो वर्षभर काम करतो, फिरतो, पैसे साठवतो. वैद्यकशास्त्राला काही विद्यापीठे हे मान्य करत नाहीत, पण इतरत्र सर्रास चालते. माझ्या मुलाने असेच वर्ष घेतले आणि एका गोदामात काम केले. त्याला काळजी नव्हती, कारण परत कुठे जायचे ते ठरलेले होते. आपल्याकडे जागा सोडून थांबावे लागते. इकडच्या मुलांचे दाखले देऊन कोणी तिला ‘गॅप इयर किती छान असते’ असे सांगत असेल, तर ती दोन वर्षे एकाच नावाची असली तरी एकाच जातीची नाहीत.

---

कोय_कलम (२४ जून २०२५)

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. बारावीनंतर मीही एक वर्ष थांबलो, परंतु कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे. वडिलांचे पाठीचे ऑपरेशन झाले होते आणि पावसाळ्यात आमच्या रोपवाटिकेचे काम बघायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून प्रवेश पुढे ढकलला. मला तेव्हा ते वर्ष शिक्षा वाटले होते.

जून-जुलैत आंब्याची कोय कलमे बांधायची असतात. कोय रुजून कोंब वर आला आणि त्याची पाने अजून तांबूस, लुसलुशीत आहेत, तेवढ्याच दिवसांत ते काम करावे लागते. कोंब वरून छाटायचा, मधोमध चीर घ्यायची, हापूसच्या काडीला खालून दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. सांगायला दोन ओळी लागतात. मी बांधलेल्या पहिल्या शंभरातली जेमतेम वीस जगली. शेजारी बसलेल्या, सही करण्यापुरतेच लिहिता येणाऱ्या आजींची नव्वदच्या वर जगायची. माझी काडी जाड आणि कोंब बारीक असतो, साल सालीला मिळतच नाही, हे त्यांनी मला न सांगता माझा हात धरून दाखवले. पुढच्या वर्षी दापोलीच्या कृषी विद्यापीठात प्रवेश घेतला आणि पहिल्या सत्रात कलमांचे प्रात्यक्षिक आले, तेव्हा वर्गात तो पाठ मला एकट्यालाच आधीपासून कळलेला होता.

हे सांगण्याचे कारण असे, की तुमच्या प्रश्नात कृषीचा उल्लेख डॉक्टर होता आले नाही म्हणून नाइलाजाने घ्यायची गोष्ट, असा येतो. तिला खरोखर ते आवडत नसेल तर तिने घेऊ नये. परंतु तिने कृषी महाविद्यालय आतून एकदा तरी पाहिले आहे का? कराडपासून लांब जावे लागणार नाही. एक दिवस जाऊन प्रक्षेत्र, प्रयोगशाळा पाहून, तिथल्या दोन मुलींशी बोलून यावे आणि मग नाही म्हणावे. आणि वर्षभर थांबणारच असेल, तर आठवड्यातला अर्धा दिवस पुस्तकाबाहेरचे काही तरी, एखाद्या दवाखान्यात केसपेपर काढण्याचे काम असले तरी चालेल. डॉक्टर व्हायचे म्हणणाऱ्या मुलीने रुग्णांची रांग टेबलाच्या अलीकडून पाहिलेली असावी, असे मला उगाच वाटते.

---

कराडची_आई (२९ जून २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण सांगितले तसे करून मगच लिहायचे ठरवले होते.

मंगळवारी जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. जीवशास्त्रात ९० पैकी ७४ बरोबर, १२ चूक, ४ सोडलेले. रसायनशास्त्रात २२ बरोबर, १३ चूक, १० सोडलेले. भौतिकशास्त्रात १३ बरोबर, १४ चूक आणि तब्बल १८ सोडलेले, म्हणजे १८० पैकी मिळाले केवळ ३८ गुण. या सोडलेल्या अठरापैकी अकरा प्रश्न अकरावीच्या पाठ्यक्रमातले निघाले. तिच्या बोलण्यात तथ्य होते, हे मला त्या दिवशी प्रथम आकड्यांत दिसले. मात्र जीवशास्त्रातल्या बारा चुकांपैकी सात नुसत्या वाचण्यातल्या होत्या, आणि ते मोजून झाल्यावर ती बराच वेळ गप्प बसून होती.

गुरुवारी कृषी महाविद्यालय पाहून आलो. तिला ते वाटले होते तितके वाईट वाटले नाही, परंतु मनही बदलले नाही. आम्ही असे ठरवले आहे: लातूरला पाठवायचे नाही, इथल्याच बॅचला घालायचे, कारण डबा परत आला तर तो मला दिसला पाहिजे. कृषीचा अर्ज आणि पसंतीक्रम भरायचे, यादी लागेपर्यंतच्या दिवसांत तिने घरी अकरावीचे भौतिकशास्त्र सुरू करायचे आणि दर रविवारी जुनी प्रश्नपत्रिका सोडवायची. यादी लागेल त्या दिवशी चार-पाच रविवारांचे आकडे समोर असतील, ते पाहून जागा घ्यायची की सोडायची हे ती सांगेल. सोडली तर एकच वर्ष. हे आजोबांच्या देखत झाले. त्यांनी मान डोलावली नाही, पण उठूनही गेले नाहीत.

सर, आपणास एक विचारायचे आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गात आहोत आणि उत्पन्न ८ लाखांच्या बरेच आत आहे, पण वैधता प्रमाणपत्र काढलेले नाही. यजमानांच्या सख्ख्या चुलत भावाकडे ते आहे. त्याचा उपयोग होतो का?

---

जीवशास्त्राचे_सर (२९ जून २०२५)

होतो. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाचे वैधता प्रमाणपत्र हा महत्त्वाचा पुरावा धरतात. त्याची प्रत आणि त्या दोघांचे नाते दाखवणारी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर जोडा, यजमानांच्या आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांवरची नावे एकसारखी आहेत का ते आधी तपासा, आणि अर्ज जुलैतच द्या.